चौथा नट

माझं काम थोडक्यात सांगायचं तर दुसऱ्यानं बिघडवलेला नट काढणं. पहिल्या झटक्यात मला कुणी बोलावत नाही. आधी घरातला माणूस पक्कड घेऊन बसतो, मग शेजारचा येतो, मग गॅरेजवाला पान्याला पाइप लावून जोर करतो. नटाच्या सहाही कडा जाऊन तो सुपारीसारखा गुळगुळीत झाला, की मग कुणाला तरी आठवतं, "बिरूमिस्त्रीला बोलवा की." त्यामुळे चाळीस वर्षांत धड आकाराचा नट माझ्या वाट्याला फार कमी आला.

मी मूळचा मंद्रूपचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. पान्याला हात लावणारा आमच्या घरात मी पहिलाच. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागलो. जॉबर म्हणजे यंत्रमाग चालता ठेवणारा माणूस. माग जुने, जागा कमी. दोन मागांमधून आडवं होऊन जावं लागायचं. मागाच्या पोटातला नट डोळ्याला दिसत नाही, फक्त हाताला लागतो. तिथं मी बोटांनी बघायला शिकलो. पुढं कारखान्याबाहेरचे लोकही बोलवायला लागले. विहिरीवरचे पंप, पिठाच्या चक्क्या, ट्रॅक्टर, एकदा तर दवाखान्यातली खाट. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन मी तेच करत फिरायचो.

ज्यांनी कधी पाना धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नट गोल होतो तो बहुतेक घाईनं. पाना नटापेक्षा जरासा मोठा असला, किंवा अर्धाच बसला असला आणि माणसानं जोर केला, की तो कडेवरून सटकतो. एकदा सटकला की कड झिजते. झिजलेल्या कडेवर दुसऱ्यांदा तोच पाना लावला की उरलेलीही जाते. म्हणून आमच्या कामातला पहिला नियम असा, की सटकला की थांबायचं. नट पुसायचा, आट्यात तेल सोडायचं आणि वाट बघायची. मग हातोडीनं चारी बाजूंनी हलकं ठोकायचं, म्हणजे आतला गंज मोकळा होतो. लोक नट सोडायलाच बघतात. मी आधी तो केसभर आवळून बघतो. आवळताना हलला तर सुटतानाही हलतो. तेवढ्यानं नाही भागलं तर एक नंबर लहान पाना ठोकून बसवायचा. तोही धरत नसेल तर कानशीनं नटाच्या दोन बाजू सपाट करायच्या. आणि सगळ्यात शेवटी छन्नी. जागा मोकळी असेल तर यातलं काहीच अवघड नाही. पण नट मोकळ्या जागेत अडकल्याचं मला आठवत नाही.

एकदा वळसंगचे एक रिटायर्ड गुरुजी टेम्पोत घालून स्कूटर घेऊन आले. मागच्या चाकाचा नट पार गेलेला. मी विचारलं, कुणी केलं हे? गुरुजी म्हणाले, आधीपासूनच तसा होता. त्यांच्या उजव्या तळहातावर तीन फोड आले होते, ते मला दिसत होते. तासाभरात नट निघाला. गुरुजींनी तो मागून घेतला, रुमालात बांधला आणि हळूच म्हणाले, मुलाला कळू देऊ नका. असे कितीतरी आले. प्रत्येकजण सांगतो, आधीपासूनच तसा होता. मी मनात हसायचो आणि कामाला लागायचो.

हे मी हसत लिहितोय, पण खरं म्हणजे पुढचं लिहायचं टाळत वेळ काढतोय. या दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो एकच नट. इतर नटांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या एकाबद्दल न लिहिता मी त्यांच्याबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

आमच्या कारखान्यात अंबादास नावाचा विणकर होता. घरची भाषा तेलुगू, पण माझ्याशी मराठीत बोलायचा. त्याच्या मागांची देखभाल माझ्याकडे. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो म्हटलं तरी चालेल. त्याच्या बायकोनं, नरसम्मानं केलेली चिंचेची आमटी मला आवडायची, म्हणून ती दोन माणसांची पाठवायची. कारखान्यात कापसाची बारीक पूस कायम हवेत. ती काहींच्या छातीत बसते. अंबादासच्या बसली. चार पावलं चालला तरी दम लागायला लागला, तेव्हा त्यानं माग सोडला आणि विडी घरकुल वसाहतीच्या रस्त्याला उसाच्या रसाचं दुकान टाकलं. त्याचा चरक त्यानं जुनाच आणला होता. तो बसवायला मीच गेलो होतो.

दुकान म्हणजे एक पत्र्याचा आडोसा. चरक एका बाजूनं भिंतीला टेकवून बसवला होता, कारण नाहीतर बाकडं ठेवायला जागा उरत नव्हती. तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं. मी तसं बोललोही. अंबादास म्हणाला, गिऱ्हाईक बसंल कुटं मग? त्याच्या म्हणण्याप्रमाणं मी बसवून दिला.

दुकान सुरू झाल्यावर तो तीन उन्हाळे जगला. तो गेल्यावर नरसम्मानं दुकान बंद केलं नाही. उन्हाळ्यात रस आणि पावसाळ्यात चरक झाकून ठेवून विड्या वळायच्या, असं तिचं वर्ष असायचं. मुलगी पद्मा कॉलेजला होती. मी नरसम्माला वहिनी म्हणायचो, ती मला अण्णा म्हणायची आणि पद्मा मामा म्हणायची. आठवड्यातून एकदा तरी मी त्या बाकड्यावर जाऊन बसायचोच. नरसम्मा आलं जास्त घालून रस द्यायची आणि कारखान्यातल्या कुणाचं काय चाललंय ते विचारायची. अंबादासच्या माणसांची खबर तिला माझ्याकडून मिळायची.

दर वर्षी माघात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी चरक उघडून साफ करून द्यायचो. चरकात तीन लाटा असतात, म्हणजे लोखंडी रूळ. दोन खाली, एक वर. ऊस वरच्या आणि खालच्या लाटेतून पिळून जातो. वरची लाट दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवलेली असते आणि ती बेअरिंगं चार नटांनी आवळलेली असतात. दोन नट मोकळ्या बाजूला, दोन गिअरच्या बाजूला. चारी नट सोडले की वरची लाट उचलता येते. नरसम्माच्या चरकाची गिअरची बाजू भिंतीकडं होती. भिंत आणि चरक यांत जेमतेम हात जाईल एवढी फट. रस उडून त्या बाजूचे नट दर वर्षी गंजायचे.

त्या वर्षी सगळं साफ झालं, लाट बसली, तीन नट आवळून झाले. चौथा फटीत सगळ्यात आत, त्याला लागणारा, नट चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना पिशवीत नव्हता. आदल्या दिवशी नट सोडून झाल्यावर कारखान्यात नेला, तो तिथंच राहिला होता. सायकलवर जाऊन यायला अर्धा तास लागला असता. मी स्क्रू पाना लावला. स्क्रू पान्याचा जबडा कमीजास्त होतो, त्यामुळे तो कुठल्याही नटावर बसतो आणि कुठल्याच नटावर नीट बसत नाही. हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो होतो. फटीत हात घालून, डोळे मिटून मी शेवटचा जोर दिला आणि पाना सटकला. परत लावला, परत सटकला. बोट फिरवून बघितलं तर नटाच्या कडा गेल्या होत्या.

आवळला मात्र गेला होता. चरक चालू करून बघितला. आवाज स्वच्छ होता. मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांत नवा नट आणून बदलून टाकू. घरी गेलो. आठ दिवसांनी कारखान्यात नवे माग आले. त्यांच्या मागं लागलो. नंतर दर वेळी बाकड्यावर रस पिताना तो नट मला आठवायचा. दुकान चालू असायचं, गिऱ्हाईकं उभी असायची. आता कशाला मशीन बंद करायला लावायचं, असं वाटायचं. पुढच्या खेपेला बघू. असे दोन महिने गेले.

चैत्रातली दुपार होती. माझी सुट्टी होती. पद्माचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "मामा, आईचा हात चरकात गेलाय. पिशवी घेऊन या." एवढंच.

मी पोचलो तेव्हा दुकानापुढं माणसं गोळा झाली होती. नरसम्मा चरकापाशी उभी होती. एकदा पिळलेला ऊस दुमडून परत घालताना तिचा उजवा हात चिपाडाबरोबर आत ओढला गेला होता. पद्मानं धावत जाऊन बटण बंद केलं होतं. बोटं पहिल्या दोन लाटांच्या पार गेली होती आणि हात गिअरकडच्या टोकाला अडकला होता. रक्त फार दिसत नव्हतं. ऊसच होता सगळा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती ओरडत नव्हती. कुणीतरी तिच्या पाठीमागं स्टूल सरकवलं होतं, त्यावर ती बसायला तयार नव्हती. बसलं की हात ओढला जातो, असं म्हणत होती.

दोन जण चाक हातानं उलटं फिरवायच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवलं. उलटं फिरवलं असतं तर बोटं परत त्याच लाटांखालून चिरडत बाहेर आली असती. एकच बरोबर वाट होती. चार नट सोडायचे, वरची लाट उचलायची, हात मोकळा करायचा.

पहिले दोन नट बघता बघता निघाले. तिसरा भिंतीकडचा, त्याला जरा वेळ लागला, पण निघाला. लाट मोकळ्या बाजूनं बोटभर उचलली गेली. तिचा हात होता त्या टोकाला मात्र ती हलेना. तिथं चौथा नट होता.

मी फटीत हात घातला आणि माझीच करणी माझ्या बोटांना लागली. दोन महिन्यांत त्या नटावर रस आणि गंज चढला होता. रिंग पाना नुसता गोल फिरत होता. एक नंबर लहान पाना बसेना, कारण ठोकायला हातोडी मागं न्यायला जागा नव्हती. चरक भिंतीपासून सरकवावा तर तिचा हात आत होता. शेजारचा वेल्डिंगवाला ग्राइंडर घेऊन धावत आला. त्याची चकती फटीत शिरेना. शिरली असती तरी मी लावू दिली नसती. लोखंड तापून चटका तिच्या बोटांपर्यंत गेला असता.

वेल्डिंगवाल्यानं बॅटरी धरून फटीत डोकावलं आणि विचारलं, "मिस्त्री, या नटाची अशी वाट कुणी लावली?"

मी म्हणालो, "जुना हाय. आधीपासूनच तसा हाय."

माझ्यापासून हातभर अंतरावर नरसम्मा उभी होती. तिनं ते ऐकलं.

मग मी जमिनीवर आडवा झालो, खांद्यापर्यंत हात फटीत घातला आणि कानस मोडून तिचा बोटभर तुकडा घेऊन नटाच्या दोन बाजू सपाट करायला लागलो. कानस पुढं जायची दोन बोटं आणि मागं यायची दोन बोटं. दिसत काहीच नव्हतं. गाल भिंतीला घासत होता. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. रुग्णवाहिका आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला इंजेक्शन दिलं, हातावर ओलं कापड टाकलं आणि मला विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, आत्ता होईल. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

एकदा माझ्या हातातून कानशीचा तुकडा निसटून खाली चरकाच्या पायात पडला. तो शोधायला मी धडपडायला लागलो. तेव्हा वरून नरसम्माचा आवाज आला. "अण्णा, सावकाश करा. मी हाय उभी."

तिनं मला धीर दिला. ज्याच्यामुळे ती उभी होती, त्याला.

तुकडा सापडला. बराच वेळ घासल्यावर दोन बाजू बोटांना सपाट लागल्या. त्यावर लहान पाना बसला. ठोकता येत नव्हतं म्हणून तळहाताच्या मुळानं दाबून दाबून बसवला. आधी केसभर आवळला. काहीतरी कुरकुरलं. मग सोडला. गंजलेला नट सुटताना एक कोरडा आवाज येतो, वाळकी काडी मोडल्यासारखा. तो आवाज मी हजारदा ऐकला असेल आणि दर वेळी मला आनंद झाला होता. त्या दिवशी तो आला तेव्हा मी भिंतीला कपाळ टेकून तसाच पडून राहिलो. पहारीनं लाट दुसऱ्यांनीच उचलली.

दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, हात लवकर निघाला असता तर काही फरक पडला असता का? ते म्हणाले, मधली दोन बोटं तर जायचीच होती. अंगठ्याशेजारच्या बोटाचं सांगता येत नाही. रक्त लवकर पोचलं असतं तर कदाचित राहिलं असतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही होता म्हणून हात तरी वाचला.

त्या "कदाचित"बरोबर मी इतकी वर्षं राहतोय. विडी वळताना तेंदूचं पान अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून वळतात आणि त्याच बोटानं तोंड दुमडतात. ते बोट नसलं की विडी होत नाही. रसाचं दुकान नरसम्मानं परत उघडलं नाही. चरक भंगारात गेला. आणि पावसाळा आल्यावर विड्याही वळता येईनात. पद्मानं कॉलेज सोडलं आणि एका कपड्याच्या दुकानात उभी राहायला लागली.

गल्लीत मात्र माझं नाव झालं. गणपतीत मंडळानं माझा सत्कार ठेवला. मी नको म्हणालो, त्यांना तो माझा साधेपणा वाटला. स्टेजवर कुणीतरी भाषण केलं की या माणसानं फक्त हातानं, एका कानशीच्या तुकड्यानं एका माउलीचा हात सोडवला. सगळं खरं होतं. शाल अंगावर पडली तेव्हा मी समोर बघितलं. नरसम्मा पहिल्या रांगेत बसली होती. तीन बोटं गेलेला हात मांडीवर ठेवलेला. बाकीचे टाळ्या वाजवत होते. ती वाजवू शकत नव्हती. ती नुसती माझ्याकडं बघत होती.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाऊन तिला सांगा. मी म्हणालो, जातो. गेलो नाही. उलट त्यांच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. कारखान्यातून घरी जायला लांबचा रस्ता धरला. पद्माचा फोन आला की कामाचं निमित्त सांगायचो. कुणाच्या तरी हातून ज्वारी पाठवायचो, डाळ पाठवायचो, आणि आपण काहीतरी करतोय असं मनाला पटवायचो. वर्ष गेलं, दुसरं अर्धं गेलं.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. काही ठरवून गेलो नव्हतो. सकाळी पिशवीतली हत्यारं पुसत बसलो होतो, तो स्क्रू पाना हातात आला आणि मी तसाच उठलो. नरसम्मा दारात बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली, पाणी आणलं. मी पाणी प्यायलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, तो नट मी गोल केलता. माघात. पाना आणला न्हवता म्हणून. बदलतो म्हटलं आन् बदलला न्हाई."

ती परत बसली. सूप पुढं ओढलं.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "मी तितंच गिलास धूत हुते. पाना सटकला, तुमी हात झटकला. बोटातनं रगात आलं तुमच्या. मीच चिंधी फाडून दिली."

मला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का न्हाई?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले. त्या दिवशी आडवं पडून काम करत हुता, तवा वाटलं सांगतील. शाल घेतली तवा वाटलं, आता सांगतील." ती तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली. "हात मी घातला, अण्णा. लक्ष माझंच न्हवतं. बोटांचं मी तुमाला काय म्हणणार? पर हे गेल्यावर आमच्या दारात येऊन बसणारं तुमीच एक माणूस हुतं. तुमी यायचं बंद केलं. ते मला लई लागलं."

मी खाली बसलो. आत कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली आणि परत आली. मग म्हणाली, "पद्मीला सांगू नका. तिला मामा म्हणायला दुसरं कुणी न्हाई."

त्यानंतर मी पुन्हा जायला लागलो. आठवड्यातून एकदा, पूर्वीसारखं. पण पूर्वीसारखं काही झालं नाही. ती चहा द्यायची, मी कारखान्यातल्या गोष्टी सांगायचो आणि आम्ही दोघंही तिच्या हाताकडं बघायचं टाळायचो. पद्माचं लग्न झालं तेव्हा मामा म्हणून तिला मांडवात मीच आणलं. ती माझा हात घट्ट धरून चालत होती. नरसम्मा पुढं उभी होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, सगळं ठीक आहे म्हणून. माझ्या आयुष्यात त्यापेक्षा अवघड पावलं मी टाकली नाहीत.

गेल्या वर्षी नरसम्मा गेली. दोन दिवसांचा ताप आला आणि गेली. तिनं सांगू नका म्हटलं होतं, ते मी ती असेपर्यंत पाळलं. पुढंही पाळावं की नाही, हे मला ठरवता येईना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, त्या माउलीनं तुम्हाला सांभाळून घेतलं. लेकीनंही घ्यावं असं तुम्ही धरून चालू नका, पण तिला ठरवू द्या.

म्हणून हे कागद अंकाकडं पाठवायच्या आधी मी पद्माकडं घेऊन गेलो. ती आता एका शाळेत कारकून आहे. कॉलेज तिनं लग्नानंतर पुरं केलं, नवऱ्यानं साथ दिली. मी म्हणालो, वाचून दाखवू का? ती म्हणाली, मीच वाचते. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली. मी भिंतीशी बसलो. तिनं एकही पान भरभर उलटलं नाही. नरसम्माचं बोलणं आलं तिथं ती थांबली असावी, कारण बराच वेळ कागदाचा आवाज झाला नाही.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

"आणि मला सांगू नका म्हणाली."

"हो."

मग तिनं एक पान काढून माझ्यापुढं धरलं आणि त्यावर बोट ठेवलं. "इथं तुम्ही ‘बराच वेळ’ असं लिहिलंय. एक तास दहा मिनिटं होती. समोरच्या मेडिकलमधलं घड्याळ दिसत होतं. आईकडं बघवत नव्हतं, म्हणून मी सगळा वेळ त्याच्याकडंच बघत होते. लिहायचंच आहे तर तेवढं नीट लिहा."

तिनं पेन दिलं. ते शब्द खोडायला मी हात उचलला, पण कागद ओला व्हायला लागला, म्हणून म्हणालो, शेवटी लिहितो. ते इथं लिहितो आहे. एक तास दहा मिनिटं.

कागद नीट जुळवून तिनं माझ्या पिशवीत घातले. छापू नका म्हणाली नाही, छापा असंही म्हणाली नाही. मी निघालो तशी दारापर्यंत आली. तिच्या घराच्या पायऱ्या उंच आहेत आणि माझे गुडघे आता धरत नाहीत, म्हणून दर वेळी ती दारातून सांगते, मामा, सावकाश उतरा. त्या दिवशी ती म्हणाली, सावकाश उतरा. एवढंच म्हणाली.